खोटा आळ आणि ताठ मान: पन्हाळ्याच्या प्रवेशात शंभूराजे वाकतील का?

झाडीतला नट

राम राम मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. धान निघाला की आमच्या भागात मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. आता गावोगाव वडशाच्या नाटक कंपन्या येतात, पण आमच्या गावानं स्वतःचं हौशी मंडळ अजून मोडू दिलेलं नाही. यंदा संभाजी महाराजांवरचं नाटक बसवतोय. संहिता गावातल्याच एका काकांनी लिहिली, दिग्दर्शनही त्यांचंच. महाराजांची भूमिका माझ्याकडे आली आहे.

गाडी एका प्रवेशावर अडली आहे. डिसेंबर १६७८ मध्ये शंभूराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळतात, साधारण वर्षभरानं तिथून निसटून पन्हाळ्याला येतात आणि जानेवारी १६८० मध्ये बापलेकांची भेट होते. काकांच्या संहितेत लेक धावत येतो, पायांवर कोसळतो आणि "चुकलो, आबासाहेब" म्हणून रडतो. काका म्हणतात, इथं समोर बसलेल्या बायांच्या डोळ्यांना पदर लागला पाहिजे.

माझ्या मनाला हे पटत नाही. दरबारात ज्याच्याविषयी कानाकानांत बोललं गेलं, घरातल्या फुटीत ज्याला बाजूला ठेवलं गेलं, त्या तापट आणि मानी पोराचा राग खराच होता. तो पहिल्या वाक्याला "चुकलो" म्हणाला तर प्रेक्षक त्याच्यावरचे सगळेच आळ खरे धरून घरी जाणार. आणि उभाच राहिला तर म्हणणार, पोरगा माजलेला आहे. तालमीत तीन रात्री हाच वाद चालला. पेटीमास्तर पेटी बंद करून उठून गेले.

तुम्ही सांगा. ज्याच्यावर खोटा आळ आला त्यानं वाकावं का? आणि त्याचा ताठा हा स्वाभिमान की अहंकार?

वैनगंगा

उभाच राहा भाऊ. वाकला की नाटक तिथंच संपलं.

इतिहासवेडा

आधी एक गाठ सोडवू या. आळ वेगळे आणि घडलेली गोष्ट वेगळी.

व्यसनी, बाईलवेडा, राज्याकडे पाठ फिरवलेला ही जी प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ च्या कटानंतर संभाजी महाराजांच्याच हुकमानं देहदंड झाला होता, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागते. त्याच बाळाजींचे चिरंजीव खंडो बल्लाळ पुढे स्वराज्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिले, हेही तितकंच खरं. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं कागदपत्रं धुंडाळली आणि १९६० मध्ये त्यांनी लिहिलेलं संभाजी महाराजांचं चरित्र आलं, तेव्हा कुठे हे चित्र पालटायला लागलं. नंतर कमल गोखल्यांनी ते काम पुढे नेलं.

पण दिलेरखानाकडे जाणं हा आळ नाही. ते घडलं आहे. तुमच्या नाटकात दोन्ही एका टोपलीत पडले आहेत, म्हणून प्रवेश अडतोय.

सावनेरकर

इतिहासवेडा यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. राम गणेश गडकरी आमच्या सावनेरला गेले, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. संभाजी महाराजांवरचं त्यांचं 'राजसंन्यास' तेव्हा अपुरंच होतं. त्या काळी जी बखर हाताशी होती तिच्यातलाच राजा त्यांनी घेतला, विलासात बुडालेला आणि शेवटी पश्चात्तापानं जळणारा. बेंद्र्यांचं संशोधन यायला अजून चाळीस वर्षं होती.

भाषा अशी की अंगावर काटा येतो. पण मला नेहमी वाटत आलं आहे की रंगमंचावर चढलेला आळ खाली उतरवायला फार वर्षं लागतात. कागदावरचा आळ चार जण वाचतात. नाटकातला आळ अख्खा गाव डोळ्यांनी पाहतो, आणि डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही. म्हणून झाडीतला नट, तुमच्यावर जबाबदारी मोठी आहे. तुमच्या गावातली पोरं त्या रात्री जे पाहतील तोच त्यांचा संभाजी.

मास्तर, अमरावती

विषय जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

शोकनायकाचा गर्व हा जुना प्रश्न आहे. युरिपिडीसचा हिप्पोलिटस घ्या, अथेन्समध्ये इ.स.पू. ४२८ ला रंगमंचावर आलेला. सावत्र आई फीड्रा मरताना चिठ्ठीत त्याच्यावर खोटा आरोप करून जाते. त्याचा बाप थीसियस चिठ्ठी वाचतो, चौकशी न करता शाप देतो आणि लेकाला हद्दपार करतो. हिप्पोलिटसला खरं ठाऊक आहे, पण ते उघड न करण्याची शपथ त्यानं घेतलेली आहे. ती तो मोडत नाही. इथपर्यंत आपण त्याच्या बाजूनं असतो. पण त्याच्या बोलण्यात आणखी एक सूर लागतो, माझ्याइतका निर्मळ माणूस जगात नाही, हा. तो सूर ऐकून बापाचा राग आणखी भडकतो. आरोप खोटा असूनही बचाव फसतो, कारण बचाव करणाऱ्याला मुळात आरोप करणाऱ्यांशी बोलणंच कमीपणाचं वाटतं.

दुसरा कोरायोलेनस, शेक्सपिअरचा. रोमसाठी अंगावर जखमा झेललेला सेनापती. लोकांचे प्रतिनिधी त्याला देशद्रोही ठरवतात. तो शब्द कानावर पडताच त्याचा तोल जातो, आणि तुम्ही मला काय हाकलता, मीच तुम्हाला हाकलतो, असं बोलून तो थेट शत्रूच्या छावणीत जातो. म्हणजे देशद्रोही म्हटलं, आणि त्यानं तो शब्द खरा करून दाखवला.

दिलेरखानाच्या छावणीतला शंभूराजा मला इथं दिसतो. आळ आधी आला, चूक नंतर झाली, आणि त्या चुकीनं आधीच्या आळाला पुरावा मिळाला. मानी माणसाची हीच शोकांतिका. त्याचं बंड त्याच्या वैऱ्यांच्या कामाला येतं.

पोट्टा मारेगावचा

मास्तर, लय भारी लिवलं. पण ग्रीक कायले, आपला कर्ण हाय ना! भर सभेत सूतपुत्र म्हनून हिनवलं, मंग तो दुर्योधनाकडं गेला. ज्यानं मान देल्ला त्याच्यासाठी जीव देल्ला. आमच्या बाबाले कर्णाचं आख्यान लागलं की जेवन सुचत नाई.

मास्तर, अमरावती

कर्ण मलाही प्रिय आहे. पण कर्णाचा झाला तो अपमान, त्याच्यावर आळ आला नव्हता. "तू हलक्या कुळातला" हे ऐकून माणूस पेटतो. "तू चोर आहेस" हे ऐकून माणूस आतून गोठतो. अपमानाला पराक्रमानं उत्तर देता येतं. आळाला पराक्रमानं उत्तर देता येत नाही, त्याला पुरावा लागतो, आणि मानी माणसाला पुरावा देण्याचीच लाज वाटते.

पांढरं सोनं

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. मास्तरांचं शेवटचं वाक्य वाचून आज लिहावंसं वाटलं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. माझे बाबा कापसाच्या खरेदीवर मापारी होते. कोणत्या गावचं ठिकाण, कोण मालक, ते सांगत नाही. मी तेव्हा सातवीत होते. एका हंगामात वजनात घट दिसली आणि बोट बाबांकडे गेलं. गाड्या रांगेत उभ्या असताना, शंभर माणसांसमोर, एकानं त्यांना विचारलं, "कितीत फोडला कापूस?"

बाबा काट्यापासून उठले, टोपी झटकली आणि घरी आले. परत गेले नाहीत.

घरी पत्र्याच्या पेटीत त्यांची डायरी होती. ते रोज प्रत्येक गाडीचं वजन शिसपेन्सिलीनं लिहून ठेवायचे. ती डायरी नेऊन दाखवली असती तर अर्ध्या तासात सगळं निस्तरलं असतं. मामा आले, शेजारचे आले, सगळ्यांनी विनवलं. बाबा म्हणाले, "हिशोब मांगतला असता त देल्ला असता. चोर म्हनून आले. आता एक अक्षर दाखवत नाई."

दोन महिन्यांनी काट्यातलाच दोष सापडला. एक माणूस निरोप घेऊन आला की कामावर या. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आम्ही भावंडं वर्षानुवर्षं ही गोष्ट छाती फुगवून सांगत आलो. माझा बाप असा होता! पण त्या वर्षी बैलजोडी विकली गेली. आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, रात्री ती त्यात मेण वितळवून भरायची. दिव्यावर मेण धरलेली तिची बोटं मला अजून दिसतात. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा त्याच वर्षी सुटली.

बाबा खरे होते, यात तिळमात्र शंका नाही. त्यांच्या ताठ मानेची किंमत मात्र त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही. झाडीतला नट, मला नाटकातलं कळत नाही. तुमचा शंभूराजा उभा राहील तेव्हा त्याच्या उभं राहण्याची किंमत कोणी मोजली, तेवढं बघा.

वैनगंगा

ताई, हात जोडतो. माझा वरचा एका ओळीचा प्रतिसाद मागे घेतो.

रानपाखरू

मी अहेरीकडचा. आमच्याकडे बंडखोर म्हटलं की पहिलं नाव बाबुराव शेडमाके यांचं. इंग्रजांनी त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली, तेव्हा ते पंचविशीत होते. ते इथं का आठवले तर त्यांच्यावरचा आरोप बंडाचा होता आणि बंड त्यांनी केलंच होतं. तिथं आरोप हाच अभिमान. असा माणूस फासापुढे ताठ उभा राहू शकतो, कारण त्याला काही खोडून काढायचं नसतं.

शंभूराजांची गोष्ट त्याहून अवघड. त्यांना दोनदा उभं राहावं लागलं. एकदा आपल्याच माणसांपुढे, जिथं ताठ्यानं घात केला. आणि एकदा १६८९ मध्ये औरंगजेबापुढे, जिथं त्याच ताठ्यानं स्वराज्याला बळ दिलं. मान तीच होती. समोर कोण होतं यावर सगळं बदललं. नटानं दोन्ही प्रवेशांत मान सारखीच धरावी, असं मला वाटतं.

सावनेरकर

रानपाखरू, हे फार मोलाचं सांगितलंत. १ फेब्रुवारीला संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला मृत्यू. मधल्या त्या दिवसांत वाकण्याची वाट होती, आणि ते वाकले नाहीत. लोकांनी बाकीचे सगळे आळ विसरून त्यांना काळजात जागा दिली ती तिथं.

पोट्टा मारेगावचा

माह्या मामानं सांगतलं का दिलेरखानाकडं जानं हा बापलेकाचा गुप्त डाव होता. मंग चूक कायची?

इतिहासवेडा

अशी मांडणी काही जण करतात, मला ती मान्य नाही. कारण भूपाळगड. १६७९ च्या एप्रिलमध्ये मोगलांनी स्वराज्याचा तो किल्ला घेतला तेव्हा शंभूराजे त्या फौजेसोबत होते. गडावर धरलेल्या सातशे माणसांचा एकेक हात दिलेरखानानं तोडला. गुप्त डाव म्हटलं की ते सातशे हात कुठल्या हिशोबात लिहायचे? मनापासून प्रेम आहे म्हणून सांगतो, महाराजांना निर्दोष ठरवण्यासाठी त्या माणसांना पुसून टाकू नका. तिथून पुढे त्या छावणीत त्यांचं मन रमलं नाही, आणि वर्ष संपायच्या आत ते पन्हाळ्यावर होते.

आणि नटासाठी एक गोष्ट. महाराजांनी स्वतःची बाजू मांडली आहे, आणि ती मिळते. २४ ऑगस्ट १६८० चं बाकरे यांना दिलेलं संस्कृत दानपत्र वाचा. वडील गेले, आपल्याला डावलून धाकट्या भावाला गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला, आणि तरी त्या दानपत्रात सावत्र आईचं अंतःकरण ते स्फटिकासारखं निर्मळ म्हणतात. दोष देतात तो तिचं मन कलुषित करणाऱ्या मंत्र्यांना. ज्याच्याविषयी इतकं विष पेरलं गेलं, त्यानं लेखणी हातात आल्यावर शब्द किती जपून वापरला बघा. त्याला बोलता येत होतं. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा माणूस तो.

मास्तर, अमरावती

भूपाळगडाचा मुद्दा मान्य. माझ्या विवेचनातून तोच निसटला होता. मी नायकाच्या मनातच घोटाळत राहिलो, पांढरं सोनं यांनी आईची बोटं दाखवली आणि तुम्ही सातशे हात. दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

धानपट्टा

थोडं विषयांतर करतो, पण नाटकाचं नाव निघालं आणि राहवत नाही. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बघायला जायचो. गडी माणसंच लुगडं नेसून बायांची सोंगं घ्यायची. पुढे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवसांत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. घोंगडी, शेकोटी आणि पडद्याआडून येणारा प्रॉम्प्टरचा आवाज. आधी प्रॉम्प्टरचं वाक्य ऐकू यायचं आणि मग तेच नटाच्या तोंडून, तरी डोळ्यांतून पाणी यायचंच. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले होते. नट भाऊ, तुमच्या मंडळाला माझा मानाचा नमस्कार. हौशी मंडळ टिकवणं सोपं नाही.

वैनगंगा

प्रॉम्प्टरची आठवण अगदी खरी! आमच्याकडे एकदा वीज गेली, तर प्रॉम्प्टरनं कंदील धरून आख्खा अंक एकट्यानं म्हटला आणि लोक जागचे हलले नाहीत.

झाडीतला नट

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं छापून नेलं आणि काल तालमीच्या आधी काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "त्या सातशांपैकी एक मानूस पन्हाळ्यावर पाह्यजे."

पांढरं सोनं ताई, तुमच्या आईंची गोष्ट काकांच्या मनातून जात नाही. तिचा एक धागा प्रवेशात घ्यायची परवानगी द्याल का? नाव, गाव काही येणार नाही.

पांढरं सोनं

घ्या दादा. आईला सांगितलं, ती म्हणाली, "नाटकात कापूस हाय का?" नाही म्हटलं, तर म्हणाली, "मंग चालते."

झाडीतला नट

मंडळी, परवा रात्री प्रयोग झाला. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

प्रवेश असा केला. मध्ये थोरले महाराज. मी उजव्या विंगेतून येतो आणि दहा पावलांवर थांबतो. वाकत नाही. "चुकलो" हे वाक्य काढूनच टाकलं. माझं वाक्य एवढंच, "आम्हांस कुणी विचारलं नाही, आबासाहेब." त्यावर थोरले महाराज काही बोलत नाहीत. पेटीमास्तरांनी एकच सूर धरून ठेवला होता.

तेवढ्यात डावीकडून गडावरचा एक म्हातारा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन येतो. ती भूमिका काकांनी स्वतः केली. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, उजवा हात बंडीच्या आत बांधून घेतलेला, बाही मोकळी लोंबणारी. तांब्या खाली ठेवून तो डाव्या हातानं मला मुजरा करतो. मी विचारतो, "कुठल्या गडावर होता?" तो म्हणतो, "भूपाळगड, धाकलं धनी." त्याच्या आवाजात राग नाही. तो सवयीनंच मुजरा करतो, फक्त हात दुसरा.

तालमीत ठरलं होतं की इथं मी मान खाली घालायची. प्रत्यक्षात ती रिकामी बाही माझ्या समोर हलली आणि माझे गुडघेच मोडले. मी त्या शिपायापुढे खाली बसलो. थोरल्या महाराजांकडे माझी पाठ होती. आमच्या थोरल्या महाराजांनी, जे एरवी सोसायटीत धानाची पोती मोजतात, मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे ठरलेलं नव्हतं. काका पडद्याआड गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. समोर फुटाणेवाल्यानंही हाक थांबवली होती.

सकाळी बोअरिंगवर पाणी भरायला गेलो तर एका आजीनं मला अडवलं. तिला ना संभाजीचं विचारायचं होतं, ना दिलेरखानाचं. म्हणाली, "त्या हात तुटलेल्या बुवाले मंग कोनी जेवाले देल्लं का नाई?"

पुढच्या प्रयोगात थोरले महाराज त्याला पंगतीला बसवणार आहेत. काकांनी लिहायला घेतलं आहे.

इतिहासवेडा

अशा शिपायाची नोंद मी कागदात पाहिलेली नाही. पण त्या सातशांना नाटकात पहिल्यांदाच चेहरा मिळाला, म्हणून मी या वेळी हरकत घेणार नाही.

रानपाखरू

पुढचा प्रयोग कधी आहे? अहेरीहून यायला मी आणि माझे तीन मित्र तयार आहोत.

पांढरं सोनं

दादा, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. तिनं आजीचा प्रश्न दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाली, पेटी काढ.

बाबा गेल्यानंतर ती डायरी मी कधी उघडली नव्हती. आईला वाचता येत नाही. मी एकेक पान वाचत गेले, गाडीचा नंबर, गाव, वजन. ज्या दिवशी ते काट्यावरून उठले तिथं वजनं थांबतात. पुढची पानं कोरी असतील असं वाटलं होतं. आईनं विचारलं, "बैल इकले तो दिवस लिवला हाय का?"

लिहिलेला होता. शेवटून दुसऱ्या पानावर, त्याच शिसपेन्सिलीनं. तारीख, बाजाराचं नाव, आलेली रक्कम, आणि खाली दोन ओळींत दोन्ही बैलांची नावं, चांद्या आणि लाल्या. त्याच्या खाली आईचं नाव होतं. तिच्या नावापुढे, त्या हंगामात ती निंदायला गेली ते दिवस एकेक रेघ मारून मोजलेले होते.